महिपती रोकड्यांची चार पाती

महिपती रोकडे तसा निरुपद्रवी माणूस. फक्त त्याच्यापुढे एकाच प्रकारच्या दोन वस्तू ठेवू नयेत, एवढं पथ्य घरच्यांनी पाळलं की झालं. एक छत्री दिली तर तो ती उघडून सरळ चालू लागे. दोन दिल्या तर कोणतीची काडी जास्त चिवट आणि कोणतीचं कापड जास्त दाट, हे ठरेपर्यंत पाऊस पडून जाई.

अंबरनाथच्या एका मशिनरीच्या कारखान्यात तो खरेदी खात्यात कारकून होता, आणि तिथे त्याला या दुर्गुणाचाच पगार मिळत असे. खिळे घ्यायचे असोत की क्रेन, तीन दुकानदारांकडून भाव मागवायचे, ते एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे, आणि साहेबांनी आधीच ठरवून टाकलेला माल कसा सर्वोत्तम आहे हे खाली सही करून सिद्ध करायचं. साहेब त्या तक्त्याकडे बघतही नसत. महिपतीची मात्र त्यावर गाढ श्रद्धा होती.

लग्नाच्या वेळीही त्याला दोन स्थळं एकदम आली होती. एक वांगणीची विठा आणि एक उल्हासनगरची मुलगी. महिपतीनं शिक्षण, उंची, भाकरीची जाडी, मामांचा स्वभाव अशी शिस्तीत तुलना आरंभली. ती संपायच्या आत उल्हासनगरच्या मुलीचं दुसरीकडे लग्न लागलं आणि विठा सर्वोत्तम ठरली. ही हकिगत विठाला सासूनं कौतुकानं सांगितली. विठानं ती जपून ठेवली आणि पुढे संसारात मीठ वापरावं तशी रोज थोडी थोडी वापरली.

तर त्र्याऐंशी साली कारखान्यात एक अवाढव्य मशीन बसवायला अमेरिकेहून एक इंजिनियर आला. मशीन बसेना म्हणून तो वर्षभर राहिला, आणि संध्याकाळ सरेना म्हणून क्वार्टर्समागच्या माळावर धनुष्यबाण मारू लागला. शेवटी मशीन त्याची नजर नसताना एका फिटरच्या हातून चालू झालं आणि साहेब मायदेशी गेला. धनुष्य मागे राहिलं.

हे धनुष्य कॅलेंडरवरच्या देवांच्या हातात असतं तसं एकसंध नव्हतं. मधे मुठीचा जाड लाकडी दांडा, त्याच्या वर आणि खाली एकेक लवचीक पातं बोल्टनं आवळायचं. पात्यांची टोकं पुढच्या बाजूला वळलेली. काम झालं की बोल्ट सोडून सगळा कारभार पिशवीत. आणि पात्यांचे जोड होते दोन. एक तपकिरी, एक पांढरा.

वर्षाअखेर भंगाराचा लिलाव निघाला. त्याची यादी करणं महिपतीकडेच होतं. त्यानं स्वतःच्या हातानं ‘वाकड्या लाकडी पट्ट्या, चार नग’ असं लिहिलं, आणि दांडा, दोरी, बाण यांच्यासकट तो माल उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जेठानंद भंगारवाल्याकडे गेला. त्यानंतर महिपतीला जेवण गोड लागेना. चार नग म्हणजे दोन जोड. दोनांतला चांगला कोणता, हे न बघताच आपण ते विकून टाकले, ही टोचणी त्याला बसली.

ही टोचणी त्यानं बाळाजी मढवीला सांगितली. ते मशीन चालू करणारा फिटर तो हाच. बाळाजी बदलापूरच्या कडेला खरवईत राहणारा, घरची भातशेती असलेला, बोलायला कमी आणि हसायला पुढे. अमेरिकन साहेबाचे बाण गवतातून शोधून देता देता त्यानंही दोन-चार मारून पाहिले होते. दोघांनी अर्धे अर्धे पैसे काढायचं ठरवलं आणि सायकली हाणत कॅम्प तीन गाठला.

जेठानंदनं चारही पाती काउंटरवर काढून ठेवली, या दोघांचे चेहरे पाहिले, आणि भाव तिप्पट सांगितला. हे तर भंगार आहे, असं महिपती म्हणाला.

“साईं, भंगार कल तक था,” जेठानंद शांतपणे म्हणाला. “आज तुम ढूँढने आया, तो अँटिक हो गया.”

यादी आपणच केली होती, हे महिपती त्याला सांगू शकला नाही.

पहिल्याच रविवारी महिपतीनं पाती स्वच्छ करायला घेतली. पात्यांच्या बुडाशी बनवणाऱ्यानं बारीक इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहून ठेवलं होतं. महिपतीनं तो मळ समजून पॉलिश पेपरनं घासून काढला आणि वर वार्निशचा हात दिला. काय लिहिलं होतं, असं बाळाजीनं विचारलं तेव्हा, आकडे असावेत, असं तो म्हणाला. पाती मात्र आरशासारखी चमकू लागली.

तो हिवाळा फार चांगला गेला, हे महिपती पुढे कोणापाशीही कबूल करी. खरवईला बाळाजीचं शेत कापून मोकळं झालेलं असे. बांधावरच्या बाभळीखाली पेंढा रचून त्यावर गोणपाट ताणायचं आणि पलीकडच्या बांधावरून बाण सोडायचे. बाळाजी धनुष्य उचली, ओढी आणि सोडी. बाण गोणपाटात जाई. महिपती पाय जुळवी, श्वास मोजी, वाऱ्याला विचारी, आणि मग सोडी. बाण कधी गोणपाटात जाई, कधी शेजारच्या वालाच्या मळ्यात. पण सुटलेल्या दोरीचा तो आवाज हातातून खांद्यात येई, आणि आठवडाभर फायलींनी वाकलेली पाठ सरळ होई. विठानं शेव-मुरमुऱ्यांची पुडी दिलेली असे. बाळाजीची बायको काशी बांधावर बसून ह्या दोन बाप्यांकडे वासरांकडे बघावं तसं बघे.

इतकं सुख महिपतीला सोसणं शक्य नव्हतं. संक्रांत उलटल्यावर त्यानं तक्ता आणला.

डाव्या बाजूला तपकिरी, उजव्या बाजूला पांढरी. लांबी, जाडी, पीळ, थरथर, आवाज. आवाजाच्या रकान्यात तपकिरीपुढे ‘ठणठणीत’ आणि पांढरीपुढे ‘दबका’ असं लिहिलं गेलं. बाळाजीला दबका आवाज आवडत असे. शिकारीला गेलं तर सावज पळायला नको, असं त्याचं म्हणणं. खरवईत सावज म्हणून फक्त पाटलांचा बोकड हिंडत होता, पण मुद्दा मुद्द्याच्या जागी राहिला. रविवारची नेमबाजी आता अशी चाले: एक बाण मारायचा, तक्त्यापाशी यायचं, वाद घालायचा, चहा प्यायचा, पाती बदलायची. अंधार पडेपर्यंत मोजून पाच-सहा बाण सुटत. महिपती मात्र दमून घरी येई आणि आज बरंच काम झालं म्हणून सांगे.

पाती जपायची म्हणून जोड वाटून घेतले. तपकिरी महिपतीकडे बदलापुरातल्या हेंद्रेपाड्याला, पांढरी बाळाजीकडे खरवईला. मुठीचा दांडा आणि दोरी पाळीपाळीनं इकडून तिकडे जात. तक्त्यात आता एकच रकाना मोकळा होता, आणि सगळ्यात मोठा तोच: पूर्ण ताणायला जोर किती लागतो.

जोर मोजायला लटकता स्प्रिंगचा काटा हवा. महिपतीच्या घराजवळ लाकडाची वखार होती. वखारवाल्याचा काटा त्यानं मागून घेतला, आकड्यात दोरी अडकवली, आणि तपकिरी पाती पूर्ण ताणली. काटा तेवीस किलोवर गेला. महिपतीची छाती फुगली. पुढच्या आठवड्यात बाळाजीनं आपली पांढरी पाती मोजली. त्याच्याकडे गवताच्या व्यापाऱ्याचा काटा होता. हा व्यापारी दर साल खरवईचं गवत विकत घेऊन मुंबईच्या तबेल्यांना पाठवी. त्या काट्यानं एकोणीस दाखवले.

बाळाजी हरखून गेला. दोन्ही पात्यांचा बाण तर सारखाच लांब जात होता. वाऱ्यावर सोडला की त्याच एका नांगरटीत पडत होता. मग कमी जोरात तेवढाच लांब बाण टाकणारी पाती सरस नव्हेत तर काय? महिपतीचं म्हणणं नेमकं उलटं. चार किलो जोर जास्त आहे म्हणजे माल अस्सल आहे. बाण लांब जात नाही हा मारणाऱ्याच्या दंडांचा दोष. तपकिरी पात्यांना लायक माणूस अजून भेटायचा आहे, एवढंच.

हा वाद कारखान्याच्या कँटीनमध्ये पोचला. ज्यांनी बाण फक्त कॅलेंडरवर पाहिला होता असेही लोक पांढरीवाले आणि तपकिरीवाले झाले. लेथवाले बाळाजीकडे गेले, ऑफिसवाले महिपतीकडे. कोणी तरी विचारलं की दोन्ही जोड एकाच काट्यावर का नाही मोजत? दोघांनीही त्याच्याकडे दयेनं पाहिलं. बाळाजीला वखारवाल्याच्या काट्यावर विश्वास नव्हता. महिपतीला गवतवाल्याच्या नव्हता.

पंच्याऐंशीच्या मार्च महिन्यात, खरवईच्या बांधावर, चार माणसांदेखत हे सगळं फुटलं. उन्हं तापली होती, महिपतीचे तीन बाण वालाच्या मळ्यात गेले होते, आणि बाळाजी नुसता हसला. महिपतीच्या तोंडून गेलं, “शेतकऱ्याला वजन कळतं, बाळाजी. दर्जा कळायला थोडं शिकावं लागतं.”

बाळाजीचं हसू थांबलं. त्यानं धनुष्याची दोरी उतरवली, तपकिरी पाती सोडून महिपतीच्या हातात दिली, आणि म्हणाला, “मग शिकलेल्याच्या शेतात जाऊन मार.”

दोरी महिपतीनं रागात खिशात कोंबली. मुठीचा दांडा बाळाजीच्या हातात राहिला. घरी पोचेपर्यंत कोणाच्याच ध्यानात आलं नाही की धनुष्याची वाटणी झाली आहे आणि दोघांपैकी कोणालाच आता बाण मारता येणार नाही.

त्यानंतर दोघंही फार अभिमानानं वागले. बाळाजीनं मासे पकडायच्या नायलॉनची दोरी वळली. ती ओढली की लांबत जाई, आणि बाण पायापाशी पडे. महिपतीनं उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून नवा दांडा करून घेतला. सुतारानं तो सागवानी घेतला, वर हौसेनं मोर कोरला, आणि बोल्टांची भोकं अशा कोनात पाडली की बसवल्यावर दोन्ही पाती एकमेकांना नमस्कार करू लागली. तो दांडा विठानं पडदा अडकवायला वापरला. तपकिरी पाती भिंतीवर लागली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला महिपती ती दाखवी, तेवीस किलोंची गोष्ट सांगे, आणि पांढऱ्या पात्यांची कीव करी. पाहुण्यानं मारून दाखवा म्हटलं की त्याची पाठ दुखू लागे.

अशी बरीच वर्षं गेली. ह्या सबंध काळात विठा बदलापूर स्टेशनाजवळ काशीकडूनच भाजी घेत होती, आणि दोघी रोज नवऱ्यांची हालहवाल एकमेकींना देत होत्या. ती बातमी घरी आणावी असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही. बाप्यांचं भांडण आहे, ते त्यांच्याच पायांनी घरी येईल, असं काशी म्हणे.

नव्वद साली कारखान्याला टाळं लागलं. फाटकासमोर कामगारांचा मांडव पडला. महिपती एका खांबाला टेकून बसे, बाळाजी दुसऱ्या. दिवसभर करायला काही नाही, आणि दोघांच्या घरांत मिळून एक संपूर्ण धनुष्य. जाता जाता बाळाजी एकदा जरा थांबला होता, असं महिपतीला वाटलं. आपणही जरा मान उचलली होती, असंही त्याला वाटलं. पण पहिलं कोणी बोलायचं, याची तुलना पूर्ण झाली नव्हती.

पुढे महिपती उल्हासनगरला एका जीन्सच्या कारखान्यात लागला. तिथे तो बटणं, चेन आणि रिबिटी यांचे भाव एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडू लागला. विठा म्हणे, माणसाचा कारखाना बुडतो, खोड तरंगते.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात काशीनं विठाला सांगितलं की खरवईचं शेत जाणार. दिरांनी बिल्डरशी बोलणं केलं होतं, उन्हाळ्यात सह्या होणार होत्या. त्या सालचं भात कापून झालं होतं आणि जमीन मोकळी पडली होती. दोघींनी भाजीच्या टोपलीपाशीच दिवस ठरवला. विठा घरी आली आणि म्हणाली, “रविवारी खरवईला जायचंय. ती भिंतीवरची लाकडं घ्या, आणि ती दोरीही. नाही आलात तर मी ती पाती चुलीत घालीन, आणि किती किलो जळण झालं ते वखारीत मोजून आणीन.”

महिपती गेला. पण हात हलवत नाही. जाताना वखारीतून काटा घेतला. घरोघर गॅस आल्यामुळे वखार बंद व्हायला आली होती आणि वखारवाल्यानं काटा कायमचाच देऊन टाकला. बांधावर पाहतो तर बाळाजी गवतवाल्याचा काटा बाभळीला टांगून उभा. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. दोघं एकमेकांकडे न बघता काट्यांकडे बघत राहिले. मग बाळाजीनं मुठीचा दांडा पुढे केला आणि महिपतीनं खिशातून दोरी काढली. इतक्या वर्षांनी बोल्ट आवळताना महिपती पाठमोरा बसला.

महिपतीनं अट घातली की पांढरी पाती आधी वखारीच्या काट्यावर मोजायची. बाळाजीनं ओढली. काटा तेवीसवर गेला. बाळाजीनं मग तपकिरी पाती मागितली आणि आपल्या काट्यावर ताणली. एकोणीस. त्यांनी अदलाबदल करून पुन्हा मोजलं. वखारीचा काटा कोणतीही पाती लावा, तेवीस म्हणे. गवताचा काटा कोणतीही लावा, एकोणीस. खरा आकडा बनवणाऱ्यानं बहुधा पात्यांच्या बुडाशी लिहून ठेवला होता, आणि तो महिपतीनं पॉलिश पेपरनं घासून काढला होता.

बांधावर बसलेली काशी वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, “त्या काट्यावर आपलं गवत कधी पुरं भरलंय का? दर साली तुमीच त्याला शिव्या घालता.”

बाळाजी मटकन बांधावर बसला. गवताचा व्यापारी काटा मारतो, हे खरवईत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. घेणारा तो, त्याचा काटा कमीच दाखवणार. ह्याच बाळाजीनं एकदा त्याची गचांडी धरली होती. पण त्याच काट्यानं आपली पाती हलकी आणि गुणी ठरवली, तेव्हा तो देवमाणसाचा काटा झाला.

महिपतीला आधी हसू आलं. मग त्याला वखार आठवली. विकणारा वखारवाला, त्याचा काटा जास्तच दाखवणार. दर महिन्याला जळण घरी आलं की विठा ओंडके हातानं तोलून म्हणे, ह्यात दोन-तीन किलो हवाच भरलीय. आणि दर महिन्याला महिपती वखारीत जाऊन भांडून येई. कारखान्यात आयुष्यभर त्यानं इतरांच्या मालाची खोट काढली होती. स्वतःच्या भिंतीवरच्या मालाला मात्र त्यानं चोराच्या काट्याचं प्रमाणपत्र लावलं होतं, आणि त्यापायी असा मित्र घालवला होता ज्याच्या शेजारी उभं राहून त्याची पाठ सरळ होत असे. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यानं खूप शब्द तोलले आणि शेवटी सरळ म्हणाला, “बाळाजी, त्या दिवशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं.”

“बोललास ते बोललास,” बाळाजी म्हणाला. “मीही दांडा दाबून बसलो. तू मार आता. उजेड जाईल.”

त्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही पाती आलटून पालटून लावली आणि हातात गोळे येईपर्यंत बाण मारले. कोणता बाण कोणत्या पात्याचा, हे कोणी लिहिलं नाही. महिपतीचे नेहमीप्रमाणे वालाच्या मळ्यात गेले. विठानंही एक मारला. तो गोणपाटाच्या कडेला लागला, आणि ती म्हणाली की आपल्याला हेच धनुष्य चालेल, दुसरं दाखवू नका.

उन्हाळ्यात सह्या झाल्या. खरवईच्या शेतात खांब उभे राहिले, आणि बाळाजीला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. तिथे वरच्या मजल्यावर, सिमेंटच्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर त्यानं पांढरी पाती ठेवली. दोन उन्हाळ्यांत त्यांचे थर जोडणारा डिंक सुटला आणि एका पात्याचे पापुद्रे कांद्यासारखे वेगळे झाले. बाळाजी ते गोणपाटात गुंडाळून हेंद्रेपाड्याला घेऊन आला आणि महिपतीपुढे ठेवलं. तपकिरी पाती भिंतीवर शाबूत होती. असा क्षण महिपतीनं कित्येक वर्षं मनात रंगवला होता, आणि त्यात म्हणायची वाक्यंही तयार होती. त्यातलं एकही त्याला म्हणावंसं वाटलं नाही. त्यानं ते फुटकं पातं हातात घेऊन बोटानं दाबून पाहिलं, आणि विठाला चहा टाकायला सांगितलं.

आता एकच जोड उरला. वांगणीला विठाच्या भावाचा माळ होता, तिथे ते दोघं रविवारी जाऊ लागले. एक धनुष्य, दोन म्हातारे. एक मारी तेव्हा दुसरा बाण वेचून आणी. दुसरी पाती नसल्यामुळे महिपतीला तक्ता मांडता येईना, आणि नाइलाजानं तो नेमाकडे बघू लागला. दिवाळीच्या सुमारास त्याचे बाण एकामागून एक गोणपाटात जायला लागले. बाळाजी म्हणाला की हे आधी कळतं तर पांढरी पाती आपण पहिल्याच वर्षी फोडून टाकली असती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जेठानंदचा निरोप आला. कुठूनशी काळ्या पात्यांची एक जुनी जोडी आली आहे, अमेरिकेचीच, येऊन बघून जा. महिपतीनं निरोप ऐकून घेतला. विठा आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली. तो म्हणाला की रविवारी वेळ नाही, वांगणीला जायचंय, आणि बाणांच्या पिसांना डिंक लावत बसला.